लिथियम आणि मेळघाटचा उन्हाळा

मेळघाटातल्या धारणीहून एका वाचकाचा प्रश्न आहे: भावाला बायपोलर आजारासाठी लिथियमची गोळी सुरू आहे. उन्हात ती अंगावर उठते म्हणतात, तर पावसाळ्यापर्यंत बंद ठेवावी का?

आपल्या मनाने बंद करू नका. लिथियम एकाएकी थांबवले की उन्माद उसळून येतो, आत्महत्येचा धोकाही वाढतो. पण प्रश्नामागची भीती खरी आहे. लिथियम आणि सोडियम एकाच घराण्यातली मूलद्रव्ये, आणि मूत्रपिंडाला त्यांच्यात फारसा फरक कळत नाही. तेंदूपत्ता तोडताना घामावाटे मीठ-पाणी गेले, की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवते, सोबत लिथियमही. गुणकारी पातळी लिटरमागे साधारण 0.6 ते 1 मिलिमोल. दीडच्या पुढे विषबाधेचे भय.

हे मोजमाप आले कुठून? लिथियमचे श्रेय ऑस्ट्रेलियाच्या जॉन केडला देतात. 1949 मध्ये त्याने उन्मादाच्या 10 रुग्णांवरचा अनुभव छापला. पहिला रुग्ण पाच वर्षे उन्मादात होता, तो सुधारून घरी गेला. पुढच्याच वर्षी लिथियमच्या विषबाधेने तो दगावला, आणि केडने स्वतःच्या रुग्णालयात हे औषध थांबवले. ते वाचवले मेलबर्न विद्यापीठातल्या एडवर्ड ट्राउटनरने. रक्ताचा नमुना ज्योतीत फवारायचा. लिथियम किरमिजी लाल जळते, ती लाली मोजायची, की रक्तातली पातळी कळते. किती देखणी युक्ती! 1951 मध्ये सहकारी डॉक्टर नोॲकसोबत त्याने शंभरावर रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. माझ्या मते निम्मे श्रेय त्याचे आहे, तरी त्याचे नाव कुणाला ठाऊक नसते.

धारणीपासून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, मध्ये सेमाडोहचा घाट. तपासणीसाठी रुग्णानेच एवढे का जावे? नमुना धारणीत घेऊन पुढे पाठवण्याची सोय व्हायलाच हवी. शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी रक्त द्यायचे, आणि उन्हाळा लागताच एकदा तपासणी करायची. भरपूर पाणी प्या, जेवणातले मीठ अचानक तोडू नका. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक परस्पर घेऊ नका. त्यांनीही पातळी चढते. उलट्या-जुलाब, हात जोरात थरथरणे, तोल जाणे, बोबडे बोलणे दिसले तर पुढची गोळी न देता तडक रुग्णालय गाठा.

बायपोलरच्या बहुसंख्य रुग्णांना उपचारच मिळत नाहीत. 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हे प्रमाण सुमारे 70 टक्के होते. घरचे माणूस खचले की त्याला डॉक्टरकडे नेतात. पण झोपेविना तरतरी, अखंड बोलणे, पैशांची उधळपट्टी असे उन्मादाचे दिवस आले की भूमकाकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक उपचारकाकडे जातात, किंवा तो त्याचा स्वभावच मानतात. मग डॉक्टरला अर्धाच आजार कळतो, आणि नुसत्या उदासीवरच्या गोळीने उन्माद भडकू शकतो. भूमकाकडे जायचे तर जा, पण डॉक्टरला ते भरारीचे दिवसही सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येते.