चिरा नाही म्हणजे जखम नाही?

हात थरथरायला लागला की आपल्याकडे लगेच ‘कंपवात’ म्हणून मोकळे होतात. पण कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, वेगळा आणि इसेन्शियल ट्रेमर वेगळा. पार्किन्सन्समध्ये हात बहुधा मांडीवर निवांत असताना थरथरतो. ट्रेमरमध्ये कामाला उचलला की. चहाचा कप ओठांशी जाईपर्यंत अर्धा होतो, पेन्शनच्या कागदावरची सही जुळत नाही. इथे खडकीत, दारूगोळा कारखान्यात ज्यांचं आयुष्य हाताच्या नेमकेपणावर गेलं, त्यांना हे दुःख समजावून सांगायला नको.

प्रोप्रॅनोलॉल, प्रिमिडोन ही औषधं आधी देतात. त्यांनी भागलं नाही, तर हल्ली फोकस्ड अल्ट्रासाउंडचं नाव निघतं. लोक म्हणतात, ‘कवटी उघडत नाहीत, म्हणजे सुरक्षितच.’ या ‘म्हणजे’पाशी आपण जरा थांबू.

न्यायदर्शन सांगतं की अभाव नुसता नसतो, तो कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, तो प्रतियोगी. इथे प्रतियोगी कोण? चिरा. जखम नव्हे.

होतं काय ते पाहा. केस काढून डोकं चौकटीत घट्ट बसवतात आणि रुग्णाला एमआरआय यंत्रात झोपवतात. भिंगाने ऊन एकवटावं तशा हजारावर स्रोतांतल्या ध्वनिलहरी मेंदूतल्या थॅलॅमसच्या एका बारीक जागी एकवटतात. आधी ऊब कमी ठेवतात. रुग्ण जागा असतो. त्याला चकलीसारखी रेघ काढायला लावतात, बोलतं करतात. जागा बरोबर आहे अशी खात्री पटली की तापमान ५५ ते ६० अंशांच्या घरात नेतात. तेवढा भाग कायमचा निकामी होतो. थरथर थांबते ती या जखमेमुळेच!

आता आकडे. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७६ रुग्ण होते. ५६ जणांना खरा उपचार, २० जणांना नुसता देखावा. खऱ्या उपचाराने तीन महिन्यांत हाताची थरथर सरासरी ४७ टक्के घटली. पण ३८ टक्क्यांना बधिरपणा किंवा मुंग्या आल्या, ३६ टक्क्यांची चाल बिघडली. वर्षानंतरही हे त्रास अनुक्रमे १४ आणि ९ टक्क्यांना होतेच. त्याच वर्षी तिथे मेंदूच्या एका बाजूपुरती परवानगी मिळाली. दुसऱ्या बाजूची मिळाली २०२२ मध्ये, तीही किमान नऊ महिन्यांच्या अंतराने. कारण दोन्हीकडे जखम झाली की बोलणं आणि तोल बिघडण्याची धास्ती जास्त.

मग ‘सुरक्षित’ कशाच्या तुलनेत? जसलोकसारख्या मुंबईतल्या रुग्णालयांत डीप ब्रेन स्टिम्युलेशन वर्षानुवर्षे होतं. त्यात कवटीला भोक पाडून तार घालतात, रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाची भीती असते. पण विजेचा जोर कमीजास्त करता येतो, बंदही करता येतो. भाजलेली जागा मात्र परत येत नाही. म्हणजे एकीकडे चिरा आहे आणि परतीची वाट आहे. दुसरीकडे दोन्ही नाहीत.

यात बरं काय, हे सगळ्यांसाठी एकदाच ठरवता येत नाही. घास तोंडापर्यंत न पोचणाऱ्याला बोटांच्या मुंग्या स्वस्त वाटतील; आधीच तोल जाणाऱ्याला तोच सौदा महाग पडेल. म्हणून डॉक्टरांना ‘सुरक्षित आहे का?’ एवढंच विचारू नका. माझ्या कवटीचं हाड या लहरींना जोगतं आहे का, माझी चाल आज कशी आहे, आणि बिघडलं तर काय परत मिळणार नाही, हे विचारा. चिरा नाही, हे यांपैकी एकाचंही उत्तर नव्हे.