वेल्डर निवडताना काय बघायचं? ऑफ-रोड गाडी गॅरेजला द्यायच्या आधी हे वाचा

ज्यांना लोकलच्या गर्दीत खिशातून हेडफोन काढायलाही जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ जरा कमी केलेत, बाकी सगळं तसंच आहे.

पावसाळा जवळ आला की थार, जिम्नी, गुरखा, जुनी जिप्सी किंवा त्याहून जुनी एमएम ५४० बाळगणाऱ्यांचे ग्रुप एकाच प्रश्नाने भरून जातात. ‘भावांनो, अंधेरी साइडला चांगला वेल्डर आहे का कुणी?’ खाली धडाधड नंबर येतात आणि प्रत्येकाचा माणूस ‘एकदम टॉप’ असतो. मी आज एकही नंबर देणार नाही. टॉप आहे की नाही, हे गॅरेजमध्ये उभं राहून आपलं आपल्याला कसं ओळखता येईल, तेवढं सांगतो.

आधी हे बघू की वेल्डिंग चुकलं तर नक्की होतं काय. गाडी चिखलात पोटापर्यंत रुतली आहे. नवी थार साधारण पावणेदोन टनांची. त्यात चिखल चाकांना धरून ठेवतो, त्यामुळे बाहेर ओढायला लागणारी ताकद गाडीच्या वजनापेक्षाही जास्त होऊ शकते. दुसरी गाडी कायनेटिक दोर लावून झटका देते. हा दोर रबरासारखा ताणला जातो आणि ताकद साठवतो. नेमका त्याच क्षणी बंपरला वेल्ड केलेला हुक उखडला, तर तो लोखंडाचा तुकडा दोरासकट सुटतो आणि ओढणाऱ्या गाडीच्या काचेवर येतो. आत कुणीतरी बसलेलं असतं. जगभरात अशा अपघातांत माणसं दगावली आहेत. बाल्कनीच्या ग्रिलचा टाका सुटला तर आपण सोसायटीच्या वॉचमनला सांगून पुन्हा मारून घेतो. इथे तसा दुसरा चान्स नसतो.

ग्रिलचा विषय निघालाच आहे तर तिथूनच सुरू करू. आपल्या उपनगरात वेल्डरची कमी नाही. प्रत्येक नाक्यावर एक फॅब्रिकेशनचं दुकान असतं. पण खिडकीच्या जाळ्या, सरकते गेट, पत्र्याच्या शेड करणारा माणूस दिवसभर पातळ पाइप आणि पट्ट्या जोडत असतो. त्याचं कौशल्य पत्र्याला भोक न पाडता जोडण्याचं. म्हणजेच करंट कमी ठेवण्याचं. डेंटिंग-पेंटिंगवाला तर त्याहून पातळ पत्र्यावर काम करतो. चॅसीचं लोखंड जाड, तिथे उलटा हिशोब. हाच माणूस सवयीने कमी करंटवर चॅसीला ब्रॅकेट लावतो, वरून छान रेषा दिसते, आणि खाली लोखंडाने लोखंडाला धरलेलंच नसतं. तिसरी जात म्हणजे मरोळ, साकीनाका, भांडुप, मुलुंडच्या इंडस्ट्रियल गाळ्यांत मशीनचे सांगाडे आणि टाक्या बनवणारे, आणि ट्रकच्या बॉडीवर काम करणारे. माझं मत विचाराल तर ‘ऑफ-रोड स्पेशालिस्ट’ अशी पाटी लावलेल्यापेक्षा या तिसऱ्या जातीत शोधा. त्याला थारचं कौतुक नसेल, पण जाड प्लेट कशी धरते हे त्याच्या हाताला माहीत असतं.

आता थोडं शास्त्र. वेल्डिंग म्हणजे गोंद नव्हे. दोन तुकड्यांच्या कडा वितळल्या पाहिजेत, त्यात रॉडचं किंवा तारेचं लोखंड मिसळलं पाहिजे आणि थंड झाल्यावर एकच तुकडा झाला पाहिजे. कडा वितळल्याच नाहीत, तर वर नुसता लोखंडाचा थर बसतो. आणि तो दिसायला कधीकधी चांगल्या वेल्डपेक्षा सुंदर असतो! इन्स्टाग्रामवरच्या चकचकीत रीलवरून वेल्डर निवडू नका ते म्हणूनच.

मग ओळखायचं कसं? एक साधी चाचणी आहे. उस्तादला म्हणा, तुमच्या गाडीला जेवढ्या जाडीचं लोखंड लागणार आहे तेवढ्याच जाडीचे दोन भंगार तुकडे घ्या, एकावर दुसरा उभा ठेवा आणि फक्त एका बाजूने वेल्ड करा. थंड होऊ द्या. मग शिकंज्यात धरून उभा तुकडा हातोड्याने वेल्डच्याच दिशेला पाडा, म्हणजे जोड मागच्या बाजूने उघडेल. तुटला तर आतली बाजू बघा. लोखंडाची मूळ सरळ कड जशीच्या तशी दिसली, तर तिथे काहीच वितळलं नव्हतं. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं दिसली, तर गंज, ऑइल किंवा रंग साफ न करता वेल्ड मारलंय. आणि वाकून पार आडवा झाला तरी सुटला नाही, तर चहा सांगा, माणूस सापडला. वेल्डरच्या परीक्षेत याच तऱ्हेचे तुकडे तोडून बघतात, त्यामुळे शिकलेल्या माणसाला ही मागणी विचित्र वाटत नाही. काही जण वैतागतील. वैतागू दे. भंगाराच्या दोन तुकड्यांचे आणि त्याच्या वेळेचे पैसे आपण द्यायचे, फुकट मागायचं नाही.

शिकलेला म्हणालो, त्यावर दोन शब्द. मुलुंड, बोरिवली, कुर्ला इथे सरकारी आयटीआय आहेत. आयटीआयमध्ये वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड आहे. सर्टिफिकेट असेल तर चांगलंच, पण नसेल म्हणून माणूस वाईट असं अजिबात नाही. आपल्याकडचे बरेच जबरदस्त हात उस्तादाच्या शेजारी बसून तयार झालेत. तुकडा तोडला की खरं-खोटं दोघांचंही कळतं.

आता त्याच्या रॉडकडे बघा. पाकिटावर ६०१३ लिहिलेला रॉड सगळीकडे मिळतो, पटकन पेटतो, ग्रिल-गेटला मस्त. ७०१८ हा लो-हायड्रोजन रॉड. पहिले दोन आकडे ताकदीचे, ६० म्हणजे दर चौरस इंचाला साठ हजार पौंड, ७० म्हणजे सत्तर हजार. पण ७०१८ ची खरी गोष्ट ताकदीपेक्षा ओलाव्याची आहे. ओलावा शिरला की वेल्डमध्ये हायड्रोजन जातो आणि जोड गार झाल्यावर, कधी कधी काही तासांनी, आतून तडा जातो. म्हणून हा रॉड भट्टीत तापवून कोरडा करतात आणि वापरेपर्यंत गरम डब्यात ठेवतात. जुलैतली मुंबईची हवा आठवा! उघड्या पाकिटातले, भिंतीला टेकवलेले ७०१८ दिसले, तर तो फायदा तिथेच गेला. ‘भाई, रॉड सुखाते कहाँ हो?’ एवढंच विचारा. उत्तरात ओव्हन किंवा गरम डबा दाखवला, तर हा माणूस विचार करून काम करतो.

सीओटू वेल्डिंग असेल तर वेगळं बघायचं. त्यात तार आपोआप पुढे येते आणि गॅस वितळलेल्या लोखंडाला हवेपासून वाचवतो. काम वेगात होतं, सफाईदार दिसतं. पण फुटपाथवर, समोरून बस जाते आहे, वारा सुटलाय, अशा जागी गॅस उडून जातो आणि वेल्डमध्ये भोकं राहतात. सीओटू गाळ्याच्या आत, आडोशाला. उघड्यावर करायचंच असेल तर रॉड बरा.

आणि एक, पाइप कुठला वापरतोय ते विचारा. पाण्याचा जीआय पाइप रोल केजला लावणारे महाभाग आहेत. त्यावरचा जस्ताचा थर जळला की विषारी धूर होतो, वेल्डरला रात्री ताप भरतो, आणि जोडही सच्छिद्र होतो. आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्टच्या नियमांत मुख्य रोल बारसाठी कोल्ड-ड्रॉन सीमलेस पाइप लागतो, ४५ मिमी व्यासाचा आणि २.५ मिमी जाडीचा, किंवा ५० मिमीचा आणि २ मिमी जाडीचा. तुम्ही गोव्याच्या रेनफॉरेस्ट चॅलेंजला उतरणार नसाल कदाचित, पण गाडी उलटली की डोकं सगळ्यांचं सारखंच असतं.

पण माझ्या लेखी सगळ्यात मोठी खूण वेगळी आहे. चांगला वेल्डर काही कामांना नाही म्हणतो. कमानी पाटे वेल्ड करत नाही, कारण स्प्रिंगचं पोलाद उष्णतेने ठिसूळ होतं. स्टिअरिंगचा रॉड कापून लांब करून देत नाही. गाडी उचलली की ड्रॅग लिंकचा कोन बिघडतो आणि ‘इथे दोन इंच जोडून देतो’ म्हणणारे भेटतात. तिथून गाडी बाहेर काढा. स्टिअरिंगचा जोड हायवेवर सुटला तर ब्रेक दाबेपर्यंतही वेळ मिळत नाही. चॅसीच्या वरच्या-खालच्या कडांवर आडवं वेल्ड मारायलाही जाणकार माणूस कचरतो, कारण ताण तिथेच सर्वांत जास्त असतो आणि तडा वेल्डच्या टोकापासून सुरू होतो. पट्टी लावायची झालीच तर तो चौकोनी लावत नाही, टोकं निमुळती करतो.

काम सुरू करण्याआधी त्याने बॅटरीची वायर काढली का? नव्या गाड्यांत ईसीयू असतो, वेल्डिंगच्या करंटने तो जाऊ शकतो. अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ, घासून साफ केलेल्या लोखंडावर लावला का? डिझेलची टाकी, पाइप, वायरिंग बाजूला केलं का? बादलीभर वाळू किंवा फायर एक्स्टिंग्विशर जवळ आहे का? हे न सांगता होत असेल तर गप्प बसून बघा.

आता कायदा, कारण हे न सांगता भाग संपवला तर ती लबाडी होईल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, किंवा दोन्ही. बुल बारवर कारवाई करा, असं केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवलं होतं. त्याला कारणही आहे. पायी जाणाऱ्याला ते जास्त घातक, आणि एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाजही त्याने चुकू शकतो. त्यामुळे रोज वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर फिरणारी गाडी असेल तर माझा सल्ला सरळ आहे: विंच बंपर आणि केज विसरा, कंपनीने दिलेले टो पॉइंट वापरा, नवीन हुक बंपरला वेल्ड करू नका. केज-बिज हे ट्रेलरवरून नेण्याच्या स्पर्धेच्या गाडीचं काम. ओढण्याची हौस असेल तर आधी इगतपुरीला महिंद्राची ऑफ-रोड अकादमी आहे, तिथे ओढायचं कसं ते शिका.

मग वेल्डर लागतो कशाला? दुरुस्तीला! खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते. जिप्सी, जुनी थार, एमएम ५४० यांचे फ्लोअर, बॉडी माउंट आणि चॅसीचे कोपरे आपल्या खाऱ्या हवेत तोवर गंजलेले असतात. अंधेरी किंवा बोरिवली आरटीओत तपासणीला नेण्याआधी ते मूळ आकारात नीट करणं, हे खरं काम. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुटे भाग मिळतात. त्या रस्त्याचं नाव स्टेशनवरून नाही हं, सेंट्रल साल्सेट ट्रामवेवरून आहे. तिथून जुना क्रॉस मेंबर आणलात तर लावण्याआधी रंग खरवडून बघा. आधी कुणीतरी वेल्ड केलेला असू शकतो.

काम झालं की लगेच पुट्टी आणि काळा रंग मारू देऊ नका. हे आधीच बोलून ठेवा. वेल्ड उघडं असताना मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून बघा. कडेला खाच पडली असेल तर तो अंडरकट, तडा तिथूनच जातो. शंका वाटली तर डाय पेनेट्रंटचे स्प्रे मिळतात: आधी साफ करायचं, लाल रंग मारायचा, थोडा वेळ थांबून पुसायचा, वर पांढरा स्प्रे. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेष उमटते. ग्राइंडरने घासून गुळगुळीत केलेलं वेल्ड मात्र घेऊ नका, त्यात जाडीही जाते आणि लपवाछपवीही होते. सगळं ठीक असेल तर त्याच दिवशी प्रायमर, मग अंडरबॉडी कोटिंग, आणि बंद पोकळीत मेणाचा स्प्रे. दोन ट्रिपनंतर गाडी धुऊन पुन्हा एकदा खाली झोपून तेच जोड बघा. रंगावर केसाएवढी बारीक गंजाची रेघ दिसली, तर गाडी घेऊन परत त्याच्याकडे जा.