कोठडीतील मृत्यूचे वाचन : व्लादिमिर हर्झोग प्रकरण

संशयास्पद मृत्यूचा तपास पोलिसांचा आणि न्यायालयाचा विषय मानला जातो. मात्र ज्या राज्यसंस्थेवर संशय आहे तिनेच पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल व प्रसिद्धिपत्रक तयार केलेले असते, तेव्हा तपासाला प्रथम संहितावाचनाचे रूप येते. ब्राझीलमधील पत्रकार व्लादिमिर हर्झोग यांचे प्रकरण याचे ठळक उदाहरण होय.

हर्झोग यांचा जन्म १९३७ साली युगोस्लाव्हियातील ओसियेक येथे ज्यू कुटुंबात झाला. बालपणीच ते ब्राझीलमध्ये आले. वृत्तपत्रांत व लंडनला बीबीसीत काम केल्यानंतर १९७५ साली ते साओ पावलो येथील टीव्ही कुल्तुरा या वाहिनीचे वृत्तविभाग प्रमुख झाले. २५ ऑक्टोबर १९७५ रोजी सकाळी लष्कराच्या बोलावण्यावरून ते 'दोई-कोदी' या चौकशी केंद्रात स्वतः हजर झाले आणि त्याच दिवशी तेथे मरण पावले. कैद्यांच्या पोशाखाच्या पट्ट्याने त्यांनी गळफास लावून घेतला, असे लष्कराने जाहीर केले.

'कट' हा शब्द या प्रकरणात प्रथम राज्यकर्त्यांनी वापरला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. प्रसारमाध्यमांत कम्युनिस्टांनी शिरकाव केल्याचे कथन अटकसत्रामागे होते. पत्रकारांनी केलेला आरोप, म्हणजे छळातून आलेला मृत्यू आत्महत्या म्हणून रंगविल्याचा आरोप, हे त्याला दिलेले प्रत्युत्तर होते. या दोन कथनांना एकाच तराजूत तोलता येणार नाही. पहिले कथन पुराव्याची अपेक्षाच ठेवीत नव्हते, तर दुसरे सरकारी कागदपत्रांतील विसंगतींतूनच उभे राहिले.

सर्वांत बोलकी विसंगती छायाचित्रात होती. लष्कराने आत्महत्येचा पुरावा म्हणून ते पुढे केले होते. त्यात देह खिडकीच्या गजाला लटकलेला दिसतो खरा. परंतु पाय जमिनीला टेकलेले आणि गुडघे दुमडलेले आहेत. शेजारी खुर्ची आहे, जमिनीवर फाडलेल्या कबुलीजबाबाचे कपटे विखुरलेले आहेत. नेपथ्यकाराने जरा अधिकच मांडामांड करावी, तसे हे दृश्य वाटते. केंद्रातील कैद्यांच्या पोशाखाला पट्टा नसे, हे सहकैद्यांनी सांगितले. हॅरी शिबाता या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तर मृतदेह न पाहताच अहवालावर स्वाक्षरी केली होती आणि पुढे न्यायालयात तसे मान्यही केले.

रब्बी हेन्री सोबेल यांनी हर्झोग यांचे दफन आत्महत्या केलेल्यांसाठी राखलेल्या भागात होऊ दिले नाही. धार्मिक विधीच्या भाषेत दिलेला हा निकाल न्यायालयाच्या निकालाआधी तीन वर्षे आला! ३१ ऑक्टोबरला साओ पावलोच्या से कॅथीड्रलमध्ये कार्डिनल आर्न्स, सोबेल व पाद्री जेम राइट यांनी मिळून सर्वधर्मीय प्रार्थनासभा घेतली. तिला हजारो लोक उपस्थित होते. जानेवारी १९७६ मध्ये मानुएल फिएल फिल्यू हा कामगार त्याच केंद्रात मरण पावला आणि तेव्हाही आत्महत्येचेच कारण पुढे आले. तेच कथानक पुन्हा वापरले गेल्याने त्याची विश्वासार्हता पार ढासळली. राष्ट्राध्यक्ष गायझेल यांनी संबंधित सेनाधिकाऱ्यास पदावरून दूर केले.

थेट बोलण्यास मज्जाव असताना कलावंतांनी दोन भिन्न मार्ग चोखाळले. जानफ्रान्चेस्को ग्वार्निएरी यांनी 'पोन्तो जि पार्तिदा' (१९७६) या नाटकात प्रसंग मध्ययुगीन खेड्यात नेला. सिल्दो मेइरेलेस यांनी चलनी नोटांवर 'हर्झोगला कोणी मारले?' असा शिक्का उमटवून त्या पुन्हा व्यवहारात सोडल्या. नाटकातील रूपक प्रेक्षकाला उलगडावे लागते; नोटेवरील प्रश्न मात्र भाजी घेताना हातात पडतो आणि नोट कोणी फाडून टाकत नाही. प्रस्तुत लेखकास दुसरी कृती अधिक धारदार वाटते, कारण राज्यसंस्थेचा सर्वाधिक प्रसार पावणारा कागदच तिने प्रश्नाचे वाहन केला.

पत्नी क्लारिस हर्झोग यांनी १९७६ साली लावलेल्या दाव्याचे स्वरूपही असेच अर्थपूर्ण आहे. त्यांची मागणी भरपाईची नव्हती. राज्यसंस्थेची जबाबदारी जाहीर करावी, एवढेच मागणे होते. म्हणजे एका घोषणेविरुद्ध दुसरी घोषणा. ऑक्टोबर १९७८ मध्ये, लष्करी राजवट चालू असतानाच, न्यायमूर्ती मार्सियो जोझे द मोराइस यांनी ही जबाबदारी मान्य केली. १९७९ च्या सर्वक्षमा कायद्याने फौजदारी कारवाईची वाट मात्र अडवली.

मृत्युदाखल्यातील मजकूर बदलण्यास २०१३ साल उजाडावे लागले. नव्या दाखल्यात लष्करी केंद्रातील मारहाण व छळ हे मृत्यूचे कारण म्हणून नोंदले गेले. २०१८ साली आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने हा मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवला आणि सर्वक्षमा किंवा मुदतीच्या सबबीखाली तपास टाळता येणार नाही, असे ब्राझीलला बजावले.