विनाथांबा विमानसेवा, लांब पल्ल्याची

दूरच्या दोन देशांतील विमानतळांदरम्यान वाटेत कोठेही न उतरता चालणारी प्रवासी सेवा. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो व जिनीव्हा येथे थांबे घेत मुंबईहून लंडनला निघाले. १९६० मध्ये ही वाहतूक बोइंग ७०७ विमानांनी न्यूयॉर्कपर्यंत वाढविण्यात आली. मुंबई–न्यूयॉर्क हे सु. १२,५०० किमी. अंतर एका उड्डाणात तोडणारी एअर इंडियाची सेवा १ ऑगस्ट २००७ रोजी बोइंग ७७७–२००एलआर विमानाने सुरू झाली.

खर्च : पल्ला वाढतो त्याहून अधिक प्रमाणात इंधनाची गरज वाढते, कारण प्रवासाच्या अखेरीस लागणारे इंधन आरंभापासून वाहून न्यावे लागते व ते वाहण्यातच काही इंधन खर्ची पडते. पंधरा-सोळा तासांच्या उड्डाणास वैमानिकांचा दुसरा संच लागतो. जाऊन-येऊन दीड दिवस मोडत असल्याने रोजच्या सेवेसाठी दोन विमाने गुंतून राहतात. थांबा टाळल्याने तेथील उतरण्याचे शुल्क व वेळ वाचतो. तथापि या बचतीतून वाढीव खर्च भरून निघतोच असे नाही.

उत्पन्न : वेळेची किंमत देणारा व्यावसायिक प्रवासी हा या सेवेचा मुख्य आधार होय. आखाती विमानकंपन्या अनेक शहरांतील प्रवासी एका केंद्रात गोळा करून पुढे नेतात. विनाथांबा सेवेची भिस्त मात्र मुख्यत्वे दोन टोकांच्या शहरांवर असते. एअर इंडियाच्या ७७७–२००एलआरमध्ये २३८ आसने होती, तर ७७७–३००ईआरमध्ये ३४२. पल्ला अधिक, पण खर्च वाटून घेणारे प्रवासी कमी, अशी पहिल्या विमानाची अडचण होती. अशा आठ विमानांपैकी पाच पुढे एतिहाद एअरवेजला विकण्यात आली. सिंगापूर एअरलाइन्सनेही चार इंजिनांच्या विमानांनी चालविलेली सिंगापूर–न्यूअर्क सेवा २०१३ मध्ये बंद केली आणि कमी इंधन लागणारे दोन इंजिनांचे विमान मिळाल्यावर २०१८ मध्ये पुन्हा सुरू केली.

बाह्य घटक : २००५ च्या भारत–अमेरिका करारामुळे उड्डाणांवरील निर्बंध सैल झाले. तथापि हवाई हद्द बंद झाल्यास मार्ग लांबतो आणि जादा इंधनासाठी आसने किंवा माल कमी करावा लागतो. २०१९ व २०२५ मध्ये पाकिस्तानची हद्द बंद झाल्यावर भारतीय कंपन्यांना, तर २०२२ मध्ये रशियाची हद्द बंद झाल्यावर अमेरिकी कंपन्यांना हा अनुभव आला.

पुणे जिल्हा : पुण्याची धावपट्टी सु. २,५०० मी. लांब असून विमानतळ समुद्रसपाटीपासून सु. ५९० मी. उंच आहे. उष्ण व विरळ हवेत इंधनाने भरलेल्या मोठ्या विमानास ती अपुरी पडते. २००८ मध्ये लुफ्तान्झाने सुरू केलेली पुणे–फ्रँकफर्ट सेवा लहान विमानाने चाले. ती पुढे बंद झाली. त्यामुळे बारामती, इंदापूर या तालुक्यांतील कुटुंबांना अमेरिकेतील नातेवाइकांकडे जाण्यासाठी बहुधा मुंबई गाठावी लागते. शेतमालाचे गणित वेगळे आहे. भारतीय डाळिंब २०२३ मध्ये चाचणी म्हणून विमानाने अमेरिकेस गेले. पुढे ते समुद्रमार्गेही पाठविण्यात आले. प्रवासात काही आठवडे टिकू शकणाऱ्या फळास विमानभाडे परवडत नाही. सारांश, अशी सेवा कोठे टिकेल, हे विमानाच्या पल्ल्याइतकेच वाचलेल्या वेळेचे मोल कोण देतो, यावर ठरते.