एकच नॉब, ३२ चॅनल!

सकाळचे पावणेसात. कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिवाळी पहाट अगदी रंगात आलेली. गजरे, सिल्कचे कुर्ते, चहाच्या किटलीची वाफ... आणि सगळ्यात मागे, साउंडच्या टेबलाशी, ऐन थंडीत घामाघूम झालेली मी. कारण स्टेजवर गाणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा आवाज मी माझ्याच हाताने बंद करत आणला होता. आणि प्रेक्षकांना त्याचा पत्ताही नव्हता!

थांबा, आदल्या संध्याकाळपासून सांगते.

ही मैत्रीण आयटीतली. आठवडाभर क्लायंट कॉल, वीकएंडला गाणं. दोन वर्षांपूर्वी तिच्या स्वरतंतूंवर गाठी आल्या आणि गाणं थांबलं. मग डॉक्टर, व्हॉइस थेरपी, सक्तीचं मौन. ही पहाट म्हणजे त्यानंतरचा तिचा पहिला कार्यक्रम. तिने मला एकच गोष्ट बजावली, "मला माझा आवाज नीट ऐकू यायला हवा गं. नाही आला तर मी नकळत ताणून गाते. आणि ताणलं की संपलंच."

मला का बजावलं? तर साउंडवाल्या दादाला त्याच सकाळी आणखी दोन कार्यक्रम होते. "मॅडम, तुम्ही मासकॉमवाल्या ना? मग येतंच तुम्हाला," असं म्हणून त्याने मला टेबलाशी उभं केलं. आता मासकॉमच्या स्टुडिओत मी शिकले ती अॅनालॉग मिक्सरवर. तिथे प्रत्येक चॅनलची आपली स्वतंत्र उभी रांग असते. वर गेन, खाली टोनचे नॉब, तळाला फेडर. तबल्याचा नॉब तबल्याचाच. इथे समोर होता बेहरिंजरचा एक्स-३२, म्हणजे २०१२ मध्ये बाजारात आलेला डिजिटल कन्सोल. माइकची इनपुट ३२, आणि गेनचा नॉब? एक!

सगळा फंडा 'सिलेक्ट' बटणात आहे. प्रत्येक फेडरच्या वर ते असतं. ज्या चॅनलचं दाबाल, त्याचा गेन, त्याचा ईक्यू, त्याचा कॉम्प्रेसर त्या क्षणापुरता त्या एकाच नॉबसंचाच्या ताब्यात येतो. दादाचा पहिला धडा हाच, "आधी सिलेक्ट, मग स्क्रीनवरचं नाव वाचायचं, मगच नॉबला हात." तरी मी पहिल्या पाच मिनिटांत तबला समजून पेटीचा गेन वाढवलाच.

गेन म्हणजे माइकमधून येणारा सिग्नल कन्सोलच्या दारातच किती मोठा करायचा ते. गाणाऱ्याला सगळ्यात जोराची जागा घ्यायला सांगायची आणि मीटर बघत नॉब सावकाश फिरवायचा. काटा उणे १८ च्या आसपास खेळला की पुरे. लाल दिवा लागला तर आवाज फाटलाच म्हणून समजा. आणि एकदा लावलेला गेन कार्यक्रमात उगाच हलवायचा नाही, कारण तो हलला की गायकाच्या मॉनिटरमधलाही आवाज बदलतो. शेजारीच 'लो कट'चं बटण. माइकवरच्या वाऱ्याची घरघर, स्टेजवरच्या पावलांची धपधप त्याने खाली बसते. गाण्याच्या माइकला मी ते लावलं, डग्ग्याला नाही. नाहीतर त्याचा घुमाराच गेला असता. ४८ व्होल्टचं बटण कंडेन्सर माइकसाठी. ते दाबायच्या आधी चॅनल म्यूट करायचा, नाहीतर स्पीकरमधून असा 'ठप्प' येतो की पुढच्या रांगेतल्या आज्या दचकतात.

रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी, त्यामुळे साउंड चेक आदल्या संध्याकाळीच उरकला आणि सगळं एका 'सीन'मध्ये सेव्ह केलं. सकाळी सीन बोलावला आणि फेडर आपोआप खर्रकन आपापल्या जागी पळाले. फेडरना मोटर असते हे माहीत असूनही भुताटकीच वाटते!

आता माझा पराक्रम.

हॉलमध्ये जे ऐकू येतं ते एक मिश्रण, आणि गायकाच्या पायाशी ठेवलेल्या मॉनिटरमध्ये येतं ते दुसरं. मॉनिटरचं मिश्रण एका 'बस'वर असतं. त्या बसचं सिलेक्ट दाबून 'सेंड्स ऑन फेडर' हे बटण दाबलं की तेच फेडर आपला अर्थ बदलतात. आता ते हॉलचा आवाज ठरवत नाहीत, मॉनिटरमध्ये कोण किती जाणार ते ठरवतात. बटण उजळतं, फेडर मॉनिटरच्या जागी सरकतात, बाकी कन्सोल तसाच्या तसा.

दुसऱ्या गाण्यानंतर तिने खूण केली, पेटी थोडी हवी. मी बटण दाबलं, पेटी वाढवली, ती हसली. मीही खूश. आणि बटण बंद करायला विसरले.

तिसऱ्या गाण्यात पुढच्या रांगेतल्या एका काकांनी हाताने 'आवाज कमी करा' अशी खूण केली. मी तिचा फेडर थोडा खाली घेतला. काही फरक नाही. अजून खाली. काका अजून हात हलवतायत. अजून खाली... हॉलमधला आवाज होता तसाच. स्टेजवर मात्र तिने एक हात कानाशी नेला. मग गळ्याची शीर फुगलेली मला इतक्या लांबूनही दिसली. ती ताणून गात होती.

तेव्हा ते उजळलेलं बटण दिसलं.

पहिली ऊर्मी आली ती सेव्ह केलेला सीन परत बोलवायची. पण त्याने सकाळपासून केलेले सगळे बदल पुसले गेले असते, तेही चालू गाण्यात. दुसरी ऊर्मी, घाईने बटण बंद करायची. तेही चूक! फेडर हॉलच्या जागी परत उडाले असते, पण मॉनिटरमधला तिचा आवाज तळालाच राहिला असता. म्हणून आधी तिचा फेडर सावकाश वर नेला. आधी नेमका कुठे होता हे आठवत नव्हतं, म्हणून तिच्या चेहऱ्याकडे बघत वर नेत गेले. कानावरचा हात खाली आला, तिथे थांबले. मग बटण बंद. फेडर खट्कन परतले आणि हॉलमधला आवाज काकांसाठी दोन रेघा कमी केला. मॉनिटरचे सेंड दादाने 'प्री-फेडर' ठेवले होते, म्हणून या वेळी तिला काही जाणवलं नाही.

त्यानंतर दर गाण्याला मी पहिलं ते बटण बघत होते. गाणं किती ऐकलं, ते विचारू नका.

कार्यक्रम संपल्यावर ती टेबलाशी आली. "तिसऱ्यात काय झालं होतं गं?" मी सगळं सांगितलं. ती हसली नाही. पाणी प्यायली, गळ्यावरून हात फिरवला आणि हळूच एक 'सा' लावून बघितला. लागला.

साडेनऊला दादा आला. मी त्यालाही कबुली दिली. "माझं तर लग्नात झालंय मॅडम, मंगलाष्टकं चालू असताना," केबल गुंडाळत तो म्हणाला. मग मागे वळून ओरडला, "ते आधी लॉक करा! पोरं येतायत चिवड्याच्या हातांनी."