इंग्लिश मीडियमच का?

घाटकोपर किंवा अंधेरीच्या चाळीत उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या पालकांना विचारा, मुलाला कुठल्या शाळेत घालणार? 'इंग्लिश मीडियम' हे उत्तर हमखास मिळेल. त्याला लगेच 'क्रेझ' म्हणू नका. काम सुटलं की शहरही सुटू शकतं, हे त्यांना पक्कं माहीत असतं. इंग्रजी मात्र कुठेही गेलं तरी चालते.

२०२० चं शैक्षणिक धोरण सांगतं, शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा. मुंबई महापालिकेच्या शाळा तर आठ माध्यमांत चालतात. पण भोजपुरी त्या आठांत नाही! म्हणजे हे पोर घरी भोजपुरी, गल्लीत हिंदी आणि वर्गात इंग्रजी बोलणार. शिवाय राज्याच्या कायद्यानुसार मराठीही शिकणार. इंग्रजीत अडलं तर विचारायचं कोणाला? अनेक घरांत आईबाबांना शाळेची डायरीच वाचता येत नाही.

इथे तुम्ही कामी येता. शेजारच्या अशा एका मुलाला आठवड्यातून एक तास द्या. धडा आधी हिंदीत समजावा, मग इंग्रजीत वाचून घ्या. शाळेची नोटीस त्याच्या आईला नीट सांगा. म्हणजे पुढच्या पालक सभेत तीही हात वर करून काही विचारू शकेल.