उन्हाळ्याचे ताट आणि पाण्याचा रोजमेळ

वैशाख आला की सोलापूरचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि मृगाच्या सरी येईपर्यंत सहसा खाली उतरत नाही. शहरातून पुणे महामार्गाने चिंचोळी एमआयडीसीत रोज ये-जा करणारे आपले अनेक उद्योजक बांधव आणि तेथील कामगार या दिवसांत पत्र्याच्या छताखाली आठ-दहा तास काढतात. दुपारी घाईने उरकलेला डबा, चार वाजता फरसाण व बाटलीतले थंड पेय आणि सूर्यास्ताच्या आत घर गाठण्याची धावपळ, असा अनेकांचा दिनक्रम असतो.

मे महिन्यात येथे सातच्या आधीच सूर्य मावळतो. चौविहार पाळणाऱ्यास त्यानंतर सकाळपर्यंत पाणीही वर्ज्य. घामावाटे गेलेले पाणी व क्षार भरून काढण्यास त्याच्या हाती दिवसाचेच तास असतात. व्यापाऱ्यांच्या भाषेत सांगायचे तर पाण्याचा रोजमेळ सूर्यास्तापूर्वीच जुळवावा लागतो.

या जमेची तरतूद निसर्गाने त्याच ऋतूत केलेली आहे. कलिंगडात सुमारे ९२ टक्के, तर काकडी व दुधी भोपळ्यात सुमारे ९५ टक्के पाणी असते. दोडका, पडवळ, तोंडली, कोहळा या वेलभाज्याही पचनास हलक्या. कंदमुळे वर्ज्य असल्याने आपल्या स्वयंपाकघरात त्यांना पूर्वीपासूनच मान आहे. उन्हाळ्यात तो अधिक वाढवावा.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. सोलापूरच्या डाळिंबास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि चिंचोळीच्या वाटेवर केगाव येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही आहे. तरीही आंबे बहाराचे डाळिंब हाती येते ते पावसाळ्यात. गावाचे नामांकित फळ तेच त्या महिन्याचे फळ असे नव्हे. वैशाखात कलिंगड, खरबूज, कैरी व आंबा, पुढे जांभूळ. ज्याचा हंगाम, ते ताजे आणि बहुधा स्वस्तही.

डब्याची आखणी साधी असावी. ज्वारीची भाकरी, मूगडाळ घातलेली दुधीची भाजी, लसणाविना केलेली शेंगाचटणी आणि अखंड काकडी. काकडी जेवतानाच चिरावी. सकाळी चिरून ठेवलेली फळे व काकडी दुपारपर्यंत खराब होतात. सोबत कैरीचे पन्हे न्यावे; त्यात गूळ, वेलची व चिमूटभर मीठ असावे. द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरांनी डाळ असलेल्या दिवशी ताकाऐवजी पन्हेच द्यावे. सायंकाळचे भोजन पोटभर नसावे. मुगाची खिचडी आणि दोडक्याची भाजी पुरे. पाणी मात्र दिवसभर थोडे थोडे घ्यावे. सूर्यास्ताच्या तोंडावर एकदम चार पेले पिऊन दिवसाची उणीव भरून निघत नाही.

काही सावधगिरीही आवश्यक आहे. दुधीचा तुकडा आधी चाखावा. कडू लागल्यास तो दुधी टाकून द्यावा, त्याचा रस तर मुळीच घेऊ नये. तो विषारी ठरू शकतो. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे. फळांचा व्यापार करणाऱ्या बांधवांनी ती कसोशीने पाळावी. मधुमेह्यांनी आंब्याचे प्रमाण वैद्यकीय सल्ल्याने ठरवावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी पाणी, मीठ व फळे यांविषयीही तसेच करावे.

बँकेच्या सेवेत असताना तारण मालाच्या तपासणीसाठी भर मे महिन्यात अनेक कारखान्यांत जाणे होई. मालकाच्या खोलीत वातानुकूलन असे, यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला मात्र कोमट पाणी. आपला डबा सुधारताना त्या माणसाचेही स्मरण असावे. दुपारी कामगारांसाठी माठातले पन्हे किंवा कलिंगडाच्या फोडी ठेवण्यास फार खर्च येत नाही, आणि उष्माघाताने एक माणूस कोसळला तर होणारी हानी कोणत्याही खतावणीत मावत नाही. अनुकंपेची शिकवण येथे प्रत्यक्षात आणता येते.

आर्द्रा नक्षत्र लागले, म्हणजे साधारणतः २२ जूनच्या सुमारास, आपल्यातील अनेक घरांत आंबा वर्ज्य होतो. त्या दिवसापर्यंत त्याचा आस्वाद बेताने व आनंदाने घ्यावा आणि मग विनाखंत त्याला निरोप द्यावा.